सायकलीच्या नावानं किती आले, किती गेले? (सांगली-मिरज)

घाटावरचा_बगळा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

गेल्या ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाला, सकाळी सकाळी आमच्या रस्त्यावरून सायकल फेरी गेली. पुढं पायलट गाडी, मध्ये एकसारखे टीशर्ट, सगळ्यात मागं सायकली परत न्यायला टेम्पो. फेरी जाईपर्यंत कडेला एक माणूस सायकल धरून उभा. दांडीची काळी सायकल, हँडलला कापडी पिशवीत डबा, कॅरिअरवर सुतळीनं बांधलेला रेनकोट. कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघाला असणार, कारण सारखा मनगटाकडं बघत होता. फेरीतला एक स्वयंसेवक त्याला म्हणाला, "काका, जरा बाजूला घ्या की सायकल." सायकल दिनाला सायकलवालाच बाजूला! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलंय की रस्त्यावर पायी आणि सायकलनं जाणाऱ्याला प्राधान्य. वीस वर्षं होत आली. २०१५ ला अमृत योजना आली, तिच्यातही पाणी आणि सांडपाण्याच्या जोडीला पादचारी-सायकल वाहतूक हा घटक होता. कागद आहेत. पण यातलं आपल्या गावात नक्की किती उतरलं ते बघायचं कुठं?

कृष्णेचं पाणी आपण आयर्विन पुलावर फुटांत मोजतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. तिसरीतल्या पोराला विचारा, सांगेल. सायकलीचं असं एक तरी माप गावात आहे का?

म्हणून हा धागा. सायकलीच्या नावानं कुठल्या वर्षी किती तरतूद झाली, खरोखर किती खर्च झाले, आणि रोज सायकल मारणारी माणसं वाढली की घटली, एवढंच इथं नोंदवत जाऊ. राजकारण नको. कुणाचा पक्ष आणाल तर संपादक मंडळाला सांगून प्रतिसाद उडवीन.

मिरजेचा_म्हातारा

बगळेराव, माप होतं की. तुम्ही जन्मला नसाल.

आमच्या वेळी सायकलीला बिल्ला लागायचा. दरवर्षी नगरपालिकेत जायचं, कर भरायचा, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि सायकलीला लावायचा. वर्ष बदललं की बिल्ल्याचा आकार बदलायचा, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळायचं की जुन्यावरच चाललाय. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबलसीट, या तिन्ही गुन्ह्यांत मी सापडलोय. एकदा तर एकाच संध्याकाळी तिन्हीत. हवा सोडली आणि मिरज स्टेशनपासून घरापर्यंत ढकलत पाठवलं. डबलसीटवर कोण होतं ते विचारू नका.

सांगायचा मुद्दा हा की कर होता म्हणून रजिस्टर होतं, आणि रजिस्टर होतं म्हणून गावात सायकली किती हे कारकुनाला माहीत होतं. कर गेला, बरंच झालं. पण त्याच्याबरोबर मोजणीही गेली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गाडीवाला_गडी

म्हणजे मोजायला पाहिजे तर परत कर लावायचा? 😄

आणि खरं सांगू का, सायकल आता चालवतो कोण? एक तर बारकी पोरं, नाहीतर विश्रामबागचे डॉक्टर रविवारी. बाकी सगळे ई-स्कूटरवर गेलेत. शंभर फुटीवर गाडी लावायला जागा मिळंना आणि तुम्हाला सायकलीला वेगळी लेन पाहिजे. हा धागा म्हणजे उगाच पाडलेली जिलबी आहे. राग मानू नका.

शून्यशिल्लक

गडीभाऊ, कोण चालवतो हेच शोधायला धागा काढलाय, उत्तर आधी देऊ नका.

बाकीच्यांसाठी थोडं कामाचं. माझी सगळी नोकरी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखा विभागात गेली (कुठली ते सोडा). अंदाजपत्रक कसं वाचायचं तेवढं सांगतो.

कुठल्याही लेखाशीर्षासमोर (म्हणजे खर्चाच्या एकेका नावासमोर) साधारण तीन आकडे असतात. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात बातमी येते ती कायम तिसऱ्या आकड्याची. "सायकल मार्गासाठी भरीव तरतूद" वगैरे. तुम्ही तिकडं बघूच नका. पहिला आकडा बघा. तिथं शून्य असेल आणि ओळीनं तीन वर्षं शून्य असेल, तर समजा की शीर्ष नुसतं जिवंत ठेवलंय. त्याला आम्ही टोकन तरतूद म्हणायचो. हजार रुपये टाकायचे, शीर्ष उघडं राहतं, मागणारा गप्प बसतो.

मधला आकडा जास्त बोलका. वर्षाच्या सुरुवातीला ठेवलेले पैसे सुधारित अंदाजात आटले, तर ते दुसऱ्या कामाकडं वळवलेत. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. बेकायदा नाही. पण पैसे कुठल्या कामाकडं गेले ते विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

दुसरी मेख अशी की सायकल ट्रॅक बऱ्याचदा स्वतंत्र शीर्षात सापडतच नाही. "रस्ता रुंदीकरण व सुशोभीकरण" या पोत्यात तो असतो. तिथून उकरून काढायचा तर निविदेची कागदं मागा, कार्यारंभ आदेश मागा आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. मोजमाप पुस्तिका म्हणजे जिच्यात अभियंता जागेवर मोजून किती मीटर काम झालं ते लिहितो. बिल त्याच्यावर निघतं. कागदावर आठशे मीटर असेल तर टेप घेऊन जा आणि मोजा. आणि दोषदायित्व कालावधी बघायला विसरू नका. त्या मुदतीत पेव्हर ब्लॉक उचकटले तर ठेकेदारानं स्वखर्चानं बसवायचे असतात. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टँप. "सायकलीसाठी आजवर काय केलं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे" असं येतं. कागद मागा. कागदाचं नाव घेऊन मागा.

कृष्णाकाठी

वाखु (वाचनखूण) साठवली. शून्यशिल्लक, तुमचं हे स्वतंत्र लेख म्हणून टाका ना.

वर्गशिक्षिका

गाडीवाला_गडी, सायकल कोण चालवतं ते माझ्या शाळेच्या दारात उभं राहून बघा. सायकली लावायला जागा पुरत नाही म्हणून आम्ही शिक्षकांनी आमच्या स्कूटर बाहेर काढल्या. निम्म्याहून जास्त मुली आहेत, आसपासच्या गावांतून येणाऱ्या. एसटीची वेळ शाळेशी जुळत नाही आणि वडील दोनदा सोडायला-आणायला येऊ शकत नाहीत. सायकल नसती तर यातल्या काहीजणींचं नववीतच थांबलं असतं, हे मी अंदाजानं म्हणत नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. पुढं त्याचा रीतसर अभ्यास झाला तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडंही जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजना आहेत, मुलींना सायकली मिळतात.

फक्त आपल्याकडं "वाटप" मोजतात. किती सायकली दिल्या, कुणाच्या हस्ते दिल्या, फोटो. ती सायकल सहा महिन्यांनी चालते का हे कुणी विचारायला येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची नवी कोरी सायकल दिवाळीनंतर घरी गोठ्यात टेकून ठेवलेली होती. का, तर सीट वर-खाली होईना, बोल्ट गंजलेला, हिचे पाय पुरेनात. पान्याचं पाच मिनिटांचं काम. आमच्या शिपाईमामांनी रॉकेलचं बोट लावून बोल्ट सोडवला आणि दुसऱ्या दिवसापासून बाई सायकलवर. सरकारी कागदात ती मुलगी पहिल्या दिवसापासूनच "लाभार्थी" आहे.

छर्रे_आणि_ग्रीस

ताई, त्या बोल्टला आम्ही रोज नमस्कार करतो 🙏

मामाच्या दुकानात बसतो मी, मार्केट यार्डाच्या बाजूला. पिढीजात सायकल दुकान. मोजायचं म्हणत असाल तर दुकानात या की. आमच्याकडं गिऱ्हाईक दोन जातीचं. एक टीशर्टवालं: गिअरची सायकल, पंक्चर झाली की फोन करतंय, "घेऊन जा". दुसरं हमाल, एमआयडीसीचा कामगार, भाजीवाली, रात्रीचा वॉचमन. त्याची पंक्चर झाली तर तो शेजारी उकिडवा बसतो, घड्याळ बघत, कारण उशीर झाला की त्याचा खाडा पडतो. मामा दुसऱ्याचं काम आधी करतो, पहिला कितीबी चिडूदे.

बावीस इंची दांडीची काळी सायकल आता नवीन फार कमी खपते, ते खरंय. पण जुन्या चालूच आहेत ना. ओव्हरऑयलिंगला येतात, चाकाचा आऊट काढायला येतात, कटोऱ्या-छर्रे बदलायला येतात. शोरूमच्या विक्रीवर मोजाल तर म्हणाल सायकल संपली. दुरुस्तीवर मोजाल तर वेगळंच दिसंल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले, म्हणाले पंक्चरचे पैसे पण कमी करा.

चढाचा_सातारी

सांगलीकरांनो, तुमचं गाव तळहातासारखं सपाट, तुम्ही नशीबवान. आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं निघालं की अर्ध्यात सायकल खांद्यावर घ्यायची तेवढी बाकी राहते. समर्थ मंदिराचं तर नावच काढू नका. तरीपण माहुलीकडनं आणि वाढे फाट्याकडनं एमआयडीसीला सायकली येतात, बरं का. हायवे ओलांडताना बॉम्बे रेस्टॉरंट चौकात त्यांची जी कसरत चालते ती बघवत नाही. आमच्याकडं रविवारी यवतेश्वरच्या घाटात हेल्मेटवाल्यांची जत्रा असते आणि सायकलीच्या बातम्या सगळ्या त्यांच्याच. माहुलीच्या माणसाची बातमी कधी येते?

निळी_सावली

त्याची बातमी कधी येते ते सांगते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघातांचा वार्षिक अहवाल निघतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात सायकलवाले साडेचार हजारांहून जास्त. तिथं सायकलला स्वतंत्र रकाना आहे. जिवंत असताना रोज सायकल चालवणाऱ्याला दरवर्षी कुणी मोजत नाही, मेल्यावर मात्र न चुकता मोजतात.

गाडीवाला_गडी

हे लागलं. जिलबी शब्द मागे.

पण लेनचं माझं म्हणणं तेच आहे. पांढरा पट्टा मारून लेन होत नाही. आठवड्यात त्याच्यावर वडापावची गाडी लागणार आणि पंधरा दिवसांनी माझी.

परतलेला_पाहुणा

काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो, म्हणून हे सांगतो. तिकडचं कौतुक म्हणून नव्हे, जळजळ होऊन इनो घेऊन बसू नका.

तिथं २०१५ च्या एका कायद्यात मंत्र्याला सांगितलं की सायकल आणि पायी चालण्यासाठी गुंतवणुकीचं धोरण ठरवू शकता, आणि एकदा ठरवलंत की प्रगतीचा अहवाल संसदेपुढं ठेवलाच पाहिजे. पहिलं धोरण एप्रिल २०१७ मध्ये आलं. त्यात आकडा होता: २०१३ मध्ये वर्षाला सायकलीचे ८० कोटी टप्पे होत होते, ते २०२५ पर्यंत १६० कोटी करायचे. टप्पा म्हणजे प्रवासातला सायकलवर केलेला भाग. घरून स्टेशनपर्यंत सायकल आणि पुढं रेल्वे, तर सायकलीचा एक टप्पा. हे कळतं कसं? दरवर्षी निवडक घरांतल्या माणसांना सात दिवसांची प्रवासाची वही भरायला देतात. कुठून कुठं, कशानं, किती वेळ. आमच्या शेजारच्या म्हातारीकडं आली होती ती वही. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेली तरी ती इमानदारीत लिहायची.

आणि निकाल काय? जून २०२३ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं सांगून टाकलं की बहुतेक उद्दिष्टं वेळेत गाठली जाण्याची शक्यता नाही. पैसा कधी वाढवला, कधी कापला, त्यामुळं कामं रेंगाळली. म्हणजे नापासच झाले. पण आकडा आधी लिहून ठेवला होता म्हणून नापास झाल्याचं कळलं तरी. आपण परीक्षेलाच बसत नाही, नापास कोण करणार?

कृष्णाकाठी

पाहुणे, शेवटचं वाक्य पुणे महापालिकेला लागू नाही. त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये अख्खा सायकल आराखडा मंजूर केला होता. आता ट्रॅक शोधायला जा. मिळतो, मग झाडाच्या बुंध्यापाशी संपतो, मग बसथांब्याच्या मागून परत उगवतो. पिंपरी-चिंचवड आणि नागपूर २०२१ ला केंद्राच्या सायकल स्पर्धेतल्या अकरा विजेत्या शहरांत होते, त्यांचं पुढं काय झालं हे तिकडच्या आयडींनी लिहा.

रच्याकने (म्हणजे रस्त्याच्या कडेने, इथं अगदी शब्दशः), ट्रॅक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ मध्येच लिहून ठेवलंय आणि २०१५ मध्ये सुधारलंय. आयआरसी ११ म्हणून शोधा.

ठाम_मत

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घाटावरचा_बगळा (धागाकर्ता)

महिनाभरानं येतोय. दोन गोष्टी केल्या.

एक, अर्ज. शून्यशिल्लक यांनी सांगितल्याप्रमाणं कागदाचं नाव घेऊन मागितलं: तीन वर्षांचा सायकलविषयक शीर्षांचा प्रत्यक्ष खर्च, आणि शहरातल्या सायकल वापराचं सर्वेक्षण झालं असल्यास त्याची प्रत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या मुद्द्याला "सदर माहिती दुसऱ्या विभागाशी संबंधित असल्याने अर्ज वर्ग करण्यात येत आहे". दुसऱ्याला एकच ओळ: "अशी माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही." कार्यालयाचं नाव लिहीत नाही, अपिलाची तयारी चालू आहे. पण खरं सांगतो, ती एक ओळ वाचून मला बरं वाटलं. आता ते लेखी आहे.

घरी जुनी आकडेवारी चाळली. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना विचारलं होतं, कामावर जाता कसे आणि किती लांब. देशात सुमारे १३ टक्के सायकलनं जात होते. म्हणजे जवळजवळ दर आठवा माणूस. पुढची जनगणना २०२१ ची, ती झालीच नाही. आता नवीन आहे तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे तोवर सोळा वर्षं आपण त्याच एका आकड्यावर बोलणार.

दोन, मोजणी. एका मंगळवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ विश्रामबाग चौकात उभा राहिलो. सोबत पुतण्या. आधी ठरवलेलं की सरळ रेघा मारायच्या, पाचवी आडवी. पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं की नुसत्या रेघांनी भागत नाही. मग पुतण्यानं रकाने पाडले: डबा, दप्तर, ओझं, हेल्मेट. डब्याचा रकाना सातच्या आत पानाच्या खाली गेला. साडेसातनंतर दप्तरांचा लोंढा. ओझ्याच्या रकान्यात दुधाचे कॅन, इस्त्रीचे कपडे, एक शिडी (ती आडवी होती, तिला सगळ्यांनी रस्ता दिला). साडी नेसलेल्या बायका मला वाटल्या त्यापेक्षा पुष्कळ. हेल्मेटच्या रकान्यात दोन तासांत एकच रेघ, आणि तो पुतण्याचा मित्र निघाला, आम्हाला भेटायला आलेला.

सायकल दिनाला कडेला उभा राहिलेला तो काळ्या सायकलवाला मात्र दिसला नाही. कुपवाडला जाणारा विश्रामबागेतून कशाला येईल म्हणा.

चौकातल्या चहावाल्यानं दोनदा विचारलं, "साहेब, अतिक्रमणवाले काय?" नाही म्हटल्यावर चहा दिला.

मिरजेचा_म्हातारा

शाबास. पण एका चौकानं काय होतंय? कृपामयीच्या रेल्वे पुलावर उभं राहा. सांगली-मिरज करणारा प्रत्येक सायकलवाला तिथं चढाला उतरतो, पळता बी येत नाही त्याला. मोजायला सोपं. मी खुर्ची टाकून बसतो. माझे डोळे चांगले आहेत, गुडघे नाहीत.

शून्यशिल्लक

अपिलात "माहिती संकलित केली जात नाही" या ओळीवर भांडू नका, नसलेला कागद ते देऊ शकत नाहीत. पहिल्या मुद्द्यावर भांडा. अर्ज वर्ग करायला कायद्यात पाच दिवस दिलेत. त्यांनी एकोणतिसावा दिवस उजाडू दिला. पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, पाकीटसुद्धा.

वर्गशिक्षिका

आमच्या शाळेचं फाटक मी घेते. नववीच्या मुली मोजायला तयार आहेत, त्यांना गणिताच्या प्रकल्पात घालते. शिवाय प्रत्येकीनं सात दिवसांची वही भरायची असं ठरवलंय, त्या म्हातारीसारखी. एकीनं आत्ताच विचारलं, "बाई, दळण टाकायला सायकल ढकलत नेली तर ते चालत गेलं धरायचं का सायकलनं?"

परतलेला_पाहुणा

इंग्लंडच्या कार्यालयालाही याचं उत्तर देताना घाम फुटेल. दोन्ही लिहायला सांगा.

छर्रे_आणि_ग्रीस

मामा म्हणतोय दुकानात खडूची पाटी लावतो. आलेल्या सायकलीची रोज एक रेघ, डबावाल्याची वेगळी. महिनाअखेर फोटो टाकतो इथं.

गाडीवाला_गडी

कृपामयी पुलावर म्हातारबाबांना खुर्ची कशी नेणार? माझी गाडी आहे. मंगळवारी सहाला मिरजेत येतो न्यायला. आणि हो, गाडी पट्ट्यावर लावणार नाही.

घाटावरचा_बगळा (धागाकर्ता)

मंगळवार पक्का. पाऊस असला तरी. मोजायच्या कागदाला प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि पेनऐवजी पेन्सिल आणा, गेल्या वेळी पहिलं पान भिजून निळं झालं.